हिरडीबुवांची बाटली

पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलं नाय की गाव विचारलं नाय. हातातलं पातेलं खाली ठेवलं नि म्हणाले, "आ कर."

मी केला. माझं असंच आहे. कोणी काय सांगितलं की आधी करतो, मग कशाला म्हणून विचारतो. पहिलीत मास्तर म्हणाले, "बाहेर जा," तो मी अजून आत गेलेलो नाय.

त्यांनी अंगठ्याने माझा खालचा ओठ खाली ओढला. मासे घेताना कल्ले उचलून बघतात ना, तसं बघितलं. वरचा ओठ वर केला, तिथेही बघितलं. मग अंगठा माझ्याच सदऱ्याला पुसला.

"ताजा आहेस," म्हणाले. "पण राहशील असं नाय. चहा नि बटर, दुसरं काय खात नाहीस. हे घे." नि खिशातून एक पेरू काढून माझ्या हातात कोंबला.

"पातेल्याला कल्हई करायची ना?"

"आधी खा. माझ्यासमोर."

तेव्हा मी मांडवीच्या रस्त्याला उंडीच्या झाडाखाली भट्टी लावून बसायचो. भाता फिरवायचा, भांडं तापवायचं, नवसागर मारायचा, कथलाचा हात फिरवायचा, एवढंच मला येतं. ऐंशीच्या पुढची सालं ती. घरोघर स्टील शिरलं होतं. दिवसाला दोन भांडी यायची, बाकीचा वेळ मी बोलायचो. बुवा रोज येऊन समोरच्या दगडावर बसायचे. मला वाटायचं माझ्या गप्पा ऐकायला येतात. ते यायचे माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या हिरड्या बघायला.

त्यांचं खरं नाव मी सांगत नाय. रत्नागिरीत त्यांना हिरडीबुवा म्हणत. तोंडावर नाय, पण त्यांना ठाऊक होतं. एकदा एका कोळणीला आ कर म्हणाले. तिने टोपली खाली ठेवली नि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "कल्ले बघायचे तर पापलेटाचे बघा, बुवा! माझे बघितलेत तर घेऊनच जावं लागंल!" रस्ता हसला. बुवा हसले नायत. तिच्या टोपलीत दोन लिंबं टाकली नि म्हणाले, "पोटुशी आहेस. रोज एक. विस्तवाला दाखवू नको."

ती पोटुशी आहे हे तोवर कोणाला माहीत नव्हतं. तिलाच असेल नसेल.

बुवा बोटीवर स्वैपाकी होते. मोठ्या लढाईच्या वेळी बोटीवर होते, पुढेही पुष्कळ वर्षं होते. मग उतरले ते मांडवीला दोन खोल्या घेऊन राहिले. बायको नाय, पोर नाय. दारात दोन लिंबं नि एक पेरूचं झाड. समुद्र दिसत नाय तिथे झोप लागत नाय म्हणायचे, म्हणून मांडवी सोडून कुठे जायचे नायत. नात्यातली लग्नंसुद्धा चुकवायचे, आणि मांडवीतल्या लग्नाला गेले की आचाऱ्याच्या पाठीशी उभे. "लिंबू खाली उतरवल्यावर पिळ! चुलीवर पिळू नको! मारलास त्याला, मारलास!" आचारी पळी घेऊन अंगावर जायचा.

'तो' कोण, हे मला लय दिवस कळलं नव्हतं. बुवांच्या दारावर चुन्याने एक आकडी काढलेली होती. मी एकदा विचारलं, "बुवा, घोडा कुठाय?"

"कसला घोडा?"

"दारावर नाल काढलीय ती कोणाची?"

"गाढवा, तो सी आहे."

मला वाटलं म्हाताऱ्याला थंडी वाजतेय. मग बुवांनी समजावलं. एका गोऱ्या डॉक्टराने बोटीच्या भिंतीवर कोळशाने त्यांना तो काढून दाखवला होता. ताज्या फळात असतो, पाल्यात असतो, ओल्या मिरचीत असतो. अंगात साठत नाय, रोज यावा लागतो. "तो नसला की माणूस आतून उसवतो," म्हणाले. "शिवण उसवते तसा. हिरड्या सुटतात, रक्त जागच्या जागी फुटतं. तो माणसाचा दोरा आहे."

हे मी आमच्या रस्त्यावरच्या एका कारकुनाला सांगितलं. तो म्हणाला, सी म्हणजे इंग्रजीत समुद्र. झालं. आठ दिवस मी येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होतो की बुवा म्हणतात रोज थोडा समुद्र प्यावा. एकाने खरंच मांडवीच्या पुळणीवर जाऊन ओंजळभर पिऊन बघितला. तो मीच.

आणखी एक भांडण त्यांचं गावाशी होतं, ते कोकमावरून. रत्नागिरीत बसून कोकमाला नावं ठेवायची म्हणजे काय! कोणी म्हणालं, आम्ही रोज सोलकढी पितो, आम्हाला काय होतंय, की बुवा उसळायचे. "आंबट म्हणजे तो नव्हे रे! सुकलेल्या सोलात कुठला तो? पेरू आंबट आहे? मिरची आंबट आहे? आंबट शोधू नका, ताजं शोधा! आगीला भितो तो. कापलं की पळायला लागतो, उकळलं की मेला."

हे मी पन्नास वेळा ऐकलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाय.

त्यांच्या फळीवर एक बाटली होती. काळपट, बुचाला मेण लावलेली. कोणाला हात लावू द्यायचे नायत. माझी खात्री, बोटीवरची फॉरेनची. एका दुपारी बुवा झाडावर लिंबं काढत होते तेव्हा मी आत शिरलो, मेण नखाने उचकटलं नि एक घोट घेतला. कडू, जळकट, जुनाट. जिभेवर चिकट बसली ती संध्याकाळपर्यंत गेली नाय. थुंकायला बाहेर आलो तर बुवा दारात. ओरडतील वाटलं. त्यांनी बाटली घेतली, बूच घट्ट केलं, मेणबत्ती लावून पुन्हा मेण घातलं. "ते प्यायचं नाय," एवढंच म्हणाले. मी रस्त्यावर येऊन सगळ्यांना सांगितलं, म्हातारा चावट आहे, दारू नासवून ठेवलीय पण देत नाय.

आता माझ्या बापसाचं सांगतो.

आमचं घर पालीच्या आत. मी आठवड्याने जायचो. घरी बायको नि बापूस. बापसाच्या छातीत जळजळायचं, म्हणून शिमग्याच्या आसपास गावच्या वैद्याने त्याला पथ्य घातलं. आंबट नाय, तिखट नाय, कच्चं नाय, पाला नाय. चाळीस दिवस. नि चाळीस दिवस भरायच्या आत तो वैद्यच गेला.

आम्ही म्हटलं, बाबा, झालं आता, जळजळ थांबली, खा. बापूस म्हणाला, "पथ्य घातलं त्याने. सोडवायचं पण त्यानेच. मी शब्द दिलाय."

"तो मेला, बाबा."

"मग सोडवणार कोण?"

बापूस पेज खायचा, भाजलेला पापड खायचा, वरणाचं पाणी. दुसरं नाय. आंब्याचे दिवस आले. रत्नागिरीतला माणूस, दारात रायवळ आंब्याचा सडा, नि हा ओटीवर बसून बघतोय. आंबा गोड की आंबट, हे वैद्याने सांगितलं नव्हतं, म्हणून नाय खाल्ला. मी त्याच्यासमोर बसून सहा सहा आंबे चोखायचो, त्याला मोह व्हावा म्हणून. व्हायचा मलाच.

पावसाळा गेला. दिवाळीच्या टायमाला बापूस थकला. पाय दुखतात म्हणायचा. नडग्यांवर काळेनिळे डाग उठले, कोणी दांडक्याने हाणल्यासारखे. हिरड्या सुजून वांग्याच्या रंगाच्या झाल्या, मिश्री लावली की बोट लाल. शेजारची काकी येऊन डाग बघून गेली, नि वाडीत उठलं की सून म्हाताऱ्याला मारते. बायको रडली. मी म्हटलं, "रडतेस काय? लोक तुला मारकुटी म्हणतात, मला तर बायकोच्या आडून मारणारा म्हणतात." तिला हसू आलं नाय.

नि मग त्याची जखम उघडली. मी लहान असताना त्याच्या पोटरीला कोयती लागली होती. कधीच भरलेली, नुसता पांढरा वण राहिलेला. तीस वर्षांचा वण. तो एक दिवस ओला झाला नि फाटला. काकी म्हणाली, करणी आहे.

सोमवारी मी मांडवीला आलो नि भट्टी पेटवून हीच गोष्ट रंगवून सांगायला लागलो. "आमचा बापूस उलटा चाललाय! तीस वर्षांपूर्वीची जखम काल फुटली. असाच मागे मागे जात राहिला तर शिमग्यापर्यंत रांगायला लागेल, मला त्याचं बारसं करावं लागेल."

लोक हसले. बुवा दगडावरून उठले.

"हिरड्या?" त्यांनी विचारलं.

"वांगी."

"डाग?"

"आहेत की. लोक म्हणतात मी—"

"भट्टी विझव," म्हणाले. घरी गेले नि दोन्ही झाडांची होती नव्हती ती लिंबं काढून आणली, एक पिशवी पेरूही. माझे दोन्ही खांदे धरले. "दुपारच्या एस्टीने जा. लिंबू पिळ, पाणी घाल, त्याच क्षणी पाज. दिवसातून चार वेळा. पेरू किसून भरव. विस्तवाला दाखवू नको. काय सांगितलं?"

"विस्तवाला दाखवू नको."

"आठ दिवसांत हिरड्या उतरतील. जा."

पेरू पालीपर्यंत पोचले नायत. एस्टीत भूक लागली. बुवाच सांगायचे ना, पेरू खा.

लिंबं पोचली. पण बापूस तोंड उघडेना. कच्चं नाय, आंबट नाय. मी पाया पडलो, बायको पाया पडली. शेवटी तो म्हणाला, "शिजव. गूळ घाल. मग ते कच्चं नाय नि आंबट नाय. औषध म्हणून घेईन." मला केवढा आनंद झाला! मला वाटलं मी बापसाला फसवला. लिंबू ते लिंबूच ना, आत गेलं म्हणजे झालं. माझं चांगलं तांब्याचं पातेलं काढलं. आंबट ठेवायचं म्हणजे कल्हई हवी, नायतर कळकतं, एवढं शास्त्र मला येतं. म्हणून आधी नवी कोरी कल्हई केली, आरशासारखी. मग सगळा रस गुळात टाकून अर्धा दिवस आटवला, काकवीसारखा दाट. बाटलीत भरला. बायको म्हणाली, "अवो, ते बुवा विस्तवाला नको म्हणालेले ना?"

"त्यांच्या पातेल्याला कल्हई माझ्यासारखी कुठे असते!" मी म्हटलं.

बापूस रोज सकाळ-संध्याकाळ चमचाभर घ्यायचा, नि मी मांडवीला येऊन बुवांना सांगायचो, देतोय.

"चालतो का?"

"चालेल."

"हिरड्या उतरल्या?"

"उतरतायत." उतरत नव्हत्या. एक दात पेजेत पडला होता. मी ते सांगितलं नाय. सांगितलं तर म्हातारा ओरडेल, एवढीच भीती.

पंधराव्या दिवशी बुवा धोतर-कोट घालून भट्टीवर आले, हातात लिंबं-पेरूंची पिशवी. "चल," म्हणाले. मांडवी न सोडणारा माणूस माझ्याबरोबर एस्टीत बसला. समुद्र दिसेनासा झाला तशी त्यांनी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली, ती पालीपर्यंत सोडली नाय.

ओटीवर बापूस पडलेला. बुवा त्याच्या उशाशी बसले. "आ करा, दादा," म्हणाले. मला कधी 'करा' म्हणाले नव्हते. बघितलं. पायाचे डाग बघितले. मग त्यांची नजर खुंटीजवळच्या बाटलीवर गेली. बूच काढलं, करंगळी बुडवून जिभेला लावली.

मी पण मागून लावली. तेव्हा मला कळलं. तीच चव. फळीवरच्या बाटलीची. कडू, जळकट, चिकट.

"किती वेळ आटवलंस?"

"थोडं..."

"अर्धा दिवस," बायको आतून म्हणाली.

बुवा माझ्याकडे बघत नव्हते. खळ्याकडे बघत बोलले. "लढाईत आमची बोट एका बंदरात अडकली. आत येऊ देईनात, बाहेर जाऊ देईनात. लिंबं आलेली होती, शंभरावर. नासतील म्हणून मी आटवली. तांब्याच्या हंड्यात. हंडा मी चांगला घासला होता. रोज चमचा चमचा दिला सगळ्यांना. माझ्या हाताने. तीन खलाशी गेले. तिघेही आपल्या रत्नागिरीकडचे. तिसरा जाताना म्हणाला, भंडारी, अजून एक चमचा दे." बोटीवर स्वैपाक्याला भंडारी म्हणतात.

मी बाटलीला बूच लावलं नि ती खुंटीजवळ परत ठेवली.

बुवांनी लिंबू कापलं. बापसाने तोंड मिटलं. "पथ्य आहे," दातांतून म्हणाला.

"मी सोडवायला आलोय," बुवा म्हणाले. "तुमच्या वैद्याच्या गादीवर मी आहे. नारळ आण रे." मी नारळ आणला. बुवांनी तो तुळशीपुढे ठेवला, हात जोडले नि मोठ्याने म्हणाले, "घातलेलं पथ्य उचललं. आजपासून सगळं खायचं." साफ खोटं. त्या माणसाला मी तेवढं एकदाच खोटं बोलताना ऐकलं.

बापूस त्यांच्याकडे टक लावून बघत राहिला. डोळ्यात पाणी आलं त्याच्या.

"मग आधी का नाय आलात?" त्याने विचारलं.

बुवा पुढे वाकले. लिंबू थेट त्याच्या तोंडात पिळलं. हिरड्यांना झोंबलं, तो कळवळला, नि तरी म्हणाला, "अजून."

बुवा राहिले. समुद्र नव्हता तरी आमच्या ओटीवर राहिले. दर दोन तासांनी लिंबू, मध्ये किसलेला पेरू. मला बजावलं, "उठू देऊ नको. आतून उसवलेला आहे. पडूनच राहू दे." तिसऱ्या दिवशी सकाळी बापसाच्या मिश्रीच्या बोटाला रक्त आलं नाय. त्याने मिरची मागितली. बुवा पहिल्यांदा हसले, नि विहिरीवर अंघोळीला गेले.

मी ओटीखाली उभा राहून काकीला हाक मारली. "काकी, ये गो, बघ! बापूस बरा होतोय! मारणाऱ्याच्या हाताला गुण आहे म्हणून सांग वाडीला!" काकी आली, अजून दोघं आली. मी रंगात आलो. बापसाने मला दोन हाका मारल्या, असं बायको सांगते. तिला न्हाणीत ऐकू आल्या, मला चार पावलांवरून आल्या नायत. त्याला मागच्या दारी जायचं होतं. सुनेला कसं सांगणार? स्वतःच उठला. उंबऱ्यापर्यंत गेला.

पडल्याचा आवाज झाला तेव्हा लोक माझ्या बोलण्यावर हसत होते.

बुवा ओल्या अंगाने धावत आले. ओठ खाली करून बघितला. हिरड्या उतरायला लागल्या होत्या, गुलाबी.

लोक तिरडी बांधत होते तेव्हा मी बुवांना गाठलं. "बुवा, पंधरा दिवस आधी कच्चं दिलं असतं तर?"

दुसरा कोणी म्हणाला असता, त्याची वेळ भरली होती. बुवा म्हणाले, "चालला असता."

मग त्यांनी खुंटीजवळची बाटली उचलली, कोटाच्या खिशात घातली. मी अडवलं नाय.

पुढे मी भट्टी लावत राहिलो, ते दगडावर येत राहिले. पण आ कर म्हणाले नायत. कोणालाच नाय. ती कोळण मुलगी कडेवर घेऊन आली, स्वतः तोंड उघडून दाखवलं, "बघा की बुवा!" त्यांनी मान फिरवली. पोरीच्या मुठीत लिंबू दिलं तेवढं.

दोन वर्षांनी ते झोपेतच गेले. मी खोली झाडायला गेलो. फळीवर दोन बाटल्या, शेजारी शेजारी, दोन्हींच्या बुचांना मेण. त्या मी घरी आणल्या. आता भट्टी नाय, कल्हई कोणाला लागत नाय. बाटल्या आहेत. आलेला पाहुणा एकदा तरी फळीकडे बघतोच.

"काय रे, फॉरेनची?"

"एक बोटीवरची, एक घरची," मी सांगतो.

"यातली घरची कुठली?"

मी दोन्ही खाली काढतो, उजेडात धरतो. सारख्याच काळ्या. पुन्हा वर ठेवतो.

"आधी ओळखू यायची," मी म्हणतो.